तांत्रिक बिघाड

विमान ठणठणीत होतं. लाइन इंजिनिअर हर्षला तांडेलने ते स्वतः तपासून सही केली होती. उड्डाणाला उशीर झाला तो एका मंत्र्यांमुळे. स्वारी पाऊण तासाने रमतगमत आली आणि पहिल्या रांगेत पाय पसरून बसली.

तरी विमान कंपनीचे मॅनेजर गुप्ते हर्षलालाच म्हणाले, “मॅडम, लॉगबुकात तांत्रिक बिघाड लिहा. साहेबांचं नाव थोडंच घेता येतंय?”

हर्षलाचं डोकं सणकलं. उशिरा यायचं यांनी आणि बदनाम करायचं आमचं विमान! तिने पेन उघडलं.

“लिहिते, सर. पण एकदा बिघाड लिहिला की बिघडलेली वस्तू उतरवल्याशिवाय मला विमान सोडता येत नाही. पहिल्या रांगेतून तुम्ही उतरवताय, की मी उतरवू?”