तांबडखोऱ्याच्या अर्जावरचा शेरा

विषय : तांबडखोरे संस्थानातून वेगळे करणेबाबत.
अर्जदार : खोऱ्याची पाटलीण ठकूबाई.

खोऱ्यात लोखंडाचा दगड उदंड, मीठ मात्र बाहेरून यायचे. अर्ज एकदा फेटाळला की पुन्हा करता येत नसे, त्यामुळे ठकूबाई जपून उभ्या होत्या. फेटाळायलाही कारणाचा शेरा लागे. हा नियम दिवाणजींचाच.

"मीठ आमचं, धान्य आमचं, घाटरस्ता आमचा," दिवाणजी भरदरबारात म्हणाले. "वेगळे झालात तर महिन्यात उपाशी मराल. इतकी वर्षं आम्हीच तुम्हाला पोसतोय, बाई."

दरबार हसला.

"खरंय, दिवाणजी," ठकूबाई म्हणाल्या. "पण बसून खाणारा बैल आपणहून दावं सोडा म्हणतोय, तर धनी दोरी एवढी घट्ट का धरतोय? तेवढं कारण शेऱ्यात लिहा, म्हणजे मी निघते."

महाराजांनी दिवाणजींकडे पाहिले. दिवाणजींनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. खोरे तोट्याचे म्हणावे तर सोडावे लागणार, फायद्याचे म्हणावे तर मघाचे बोलणे खोटे ठरणार.

टाकाची शाई वाळली. दिवाणजींनी तो पुन्हा बुडवला.

अर्ज शेऱ्याअभावी प्रलंबित आहे.