केस कापलेला राजा

जुन्या काळी युरोपातल्या फ्रँक लोकांत लांब केस हीच राजेपणाची खूण. केस कापले की राजा संपला! म्हणून तर गुंडोबर्टने थोरल्या भावाला, राजा थिओडगारला, भर दरबारात भादरलं, मठात कोंडलं आणि गादी बळकावली.

वर्षभरातच लढाईत गुंडोबर्टच्या डोक्याला जखम झाली. ती चिघळली, केसांखाली पू साचला. दोन वैद्यांनी कात्री मागितली. दोघांची मुंडकी वेशीवर टांगली गेली. मग जखमा बांधणाऱ्या राडेलिंडा म्हातारीला ओढून आणलं.

"केस राखून बरा कर, नाहीतर तिसरं मुंडकं तुझं," राजा कण्हत म्हणाला.

"केस राखले तर तुम्ही तीन दिवसांत मराल, महाराज. सरदारांसमोर एवढंच जाहीर करा, की केस गेल्याने राजेपण जात नाही. मग कात्रीची भीती कसली?"

मरणाच्या भीतीने राजाने तसं जाहीर केलं, सरदारांकडून तशी शपथही घेतली. राडेलिंडाने केस उतरवले, पू काढला, जखम धुतली. मग कात्री पुसत ती सरदारांकडे वळली.

"म्हणजे मठातले थोरले महाराज अजून राजेच आहेत की!"

"उडवा हिचं मुंडकं!" गुंडोबर्ट किंचाळला.

सेनापतीने तलवार उपसली आणि शांतपणे विचारलं, "हुकूम कुठल्या राजाचा?"