दोन चेहरे, एकच बाटली

कोल्हापूरच्या मेकअप प्रदर्शनात केतकी पडद्यामागे मदतनीस होती. हातावरची लग्नाची मेंदी अजून उतरली नव्हती आणि तोंडातून शब्द मोजकेच निघत. नावाजलेले मेकअप आर्टिस्ट दळवी सर यांनी मॉडेल म्हणून आलेल्या सावळ्या अंबिकेला नवरी करायला घेतलं, तेच मुळी गोऱ्यापान रंगाच्या फाउंडेशनने गाल सारवत.

"ताई, समोर प्रेक्षकांत माझी आई बसलीय. ती ओळखायची नाही मला," अंबिका रडवेली झाली.

"सर, हिचाच रंग ठेवू या ना," केतकी म्हणाली.

"नवरी उजळच हवी! मला शिकवू नकोस."

ही पोर अशी स्टेजवर जाणार नाही, हे केतकीने मनाशी पक्कं केलं.

"सर, दिव्यांत तुम्हीही हिच्याशेजारी उभे राहणार. तुमच्यावरही हात फिरवू का जरा?"

सर खुशीत डोळे मिटून बसले. त्यांचा रंगही अंबिकेसारखाच सावळा. केतकीने फाउंडेशनची तीच बाटली त्यांच्या गालांवर रिकामी केली.

आरशात बघताच सर ओरडले, "अगं, भूत केलंस की माझं! लोक हसतील. पूस आधी!"

"पुसते ना," केतकीने ओला कापूस उचलला. "आधी कुणाचं पुसू, सर?"

सरांनी आरशातले दोन पांढरे चेहरे पाहिले आणि मुकाट्याने अंबिकेकडे बोट दाखवलं.