जोडलेली पानं

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. सातवीत शाळा सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

गावातलं वाचनालय बंद करून ती जागा दुकानाला द्यायची, असं अध्यक्ष नानासाहेबांच्या मनात होतं. पुस्तकं देणारा केरबा बैठकीत चहा वाटत होता. वाचनालय गेलं की त्याला दुसरीकडे पुस्तक मिळणार नव्हतं.

"लोकांना गोडीच नाही," नानासाहेब सभासदांना म्हणाले. "समुद्रप्रवासाचं ते जाड पुस्तक वाचा, असं मी भेटेल त्याला सांगतो. मी स्वतः इथली प्रत चार वेळा वाचली. दुसऱ्या कुणी हात तरी लावला का?"

केरबाने कपाटातून ते पुस्तक आणून त्यांच्यासमोर ठेवलं. छापखान्यात कापायची राहिलेली पानं कडेने अजून जोडलेलीच होती.

"साहेब, पानं न उघडता वाचायची ही विद्या आम्हालाही शिकवा," तो खाली बघत म्हणाला. "म्हणजे कुलूप लागल्यावरही गाव वाचत राहील."

सगळे हसले. नानासाहेबांचा चहा तसाच निवला, पण ठरावावर सही झालीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा कुलूपबंद दारापुढे पायरीवर बसला. स्वतःच्या नावावर घेतलेलं ते पुस्तक त्याने मांडीवर ठेवलं, पट्टीने पहिली पानं सोडवली आणि वाचायला सुरुवात केली.