भागरथाबाईची हाक

ऐका, सांगते. पण मधेच 'आमच्या आजीनं वेगळं सांगितलं होतं' असं कुणी म्हणायचं नाही. ही गोष्ट आमच्या घरची आहे, मला जास्त माहीत.

फार वर्षांपूर्वी, आपल्या कोसारवाहीत कोळशाची खाण नवी होती तेव्हा, गावात घड्याळ नव्हतं आणि खाणीवर भोंगाही नव्हता. पाळीवर जाणाऱ्या माणसांना उठवायचं काम भागरथाबाईचं. एकटी विधवा बाई. खाणकामगारांच्या घरांची एक लांब ओळ होती, तिच्या टोकाला उजाडायच्या सुमारास ती उभी राहायची आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची. त्या हाकेनं कापलेला कोंबडासुद्धा उठून बसायचा, असं म्हणतात.

ओळीतल्या दुसऱ्या घरात पार्वताबाई राहायची. ही माझ्या नवऱ्याची पणजी. तिचा नवरा डोमा. तेव्हा बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं मानायचे. लग्नाला सात वर्षं झाली तरी पार्वताबाई 'अहो'च म्हणायची. आणि ही परकी बाई रोज अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं ओरडायची, "डोमाजी गा, ऊठ!" तो उठायचाही लगेच. बायकोनं गदागदा हलवलं तरी कूस बदलणारा माणूस त्या हाकेला 'ओ' द्यायचा. पार्वताबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चूल पेटवताना आधी ती जळायची, मग लाकूड.

एक दिवस तिनं भागरथाबाईला विहिरीवर गाठलं.

"आमच्या घरच्यांचं नाव तू घ्यायचं नाही. त्यांना कसं उठवायचं ते मी बघीन."

"नाव घेतल्यानं माणूस झिजते का व बाई?" भागरथाबाई म्हणाली.

"ते मला सांगू नको. खाणमाईची शपथ घे."

भागरथाबाईनं शपथ घेतली. त्या दिवसापासून पार्वताबाई नवऱ्याच्या तोंडावर पाणी मारून त्याला उठवू लागली. तो वैतागायचा, पण ती खूश होती.

मग पौषात एका दुपारी खाणीचं छत बसलं. जीव कुणाचा गेला नाही, पण धुरळ्यानं दिवे विझले आणि एकोणीस माणसं अंधारात अडकली. आत वाटाच वाटा. बाहेर कुठून यायचं कळेना, आणि पाणी चढत होतं. गाव खाणीच्या तोंडाशी जमून एकदमच ओरडायला लागला. त्या कल्ल्यात आतल्यांना दिशा कशी कळणार?

भागरथाबाईनं सगळ्यांना गप्प केलं. तिनं एक नाव घेतलं, आणि तो माणूस हाकेच्या रोखानं चाचपडत वर येईपर्यंत तेच नाव घेत राहिली. मग पुढचं नाव. ती हाक खडक फोडून आत गेली, असं म्हणतात. पहिल्या घरातला आला. दुसऱ्या घराच्या नावाशी ती थांबली. तिनं पार्वताबाईकडे पाहिलं. पार्वताबाई तिथंच उभी होती, पण 'घे' म्हणायला तिचं तोंड उघडेना. तिला वाटलं, बाकीच्यांबरोबर येईलच की. भागरथाबाई पुढच्या नावाकडे गेली.

अठरा माणसं आली. डोमा आला नाही. तेव्हा पार्वताबाईनं तिचे पाय धरले. "सोडली शपथ. घे माय, नाव घे." भागरथाबाईनं तोंड उघडलं, तर नुसता वारा आला. गळा फाटला होता.

पार्वताबाईनं 'अहो, अहो' करून पाहिलं. आत बसलेल्याला काय कळणार, अहो म्हणजे गावातला कुणीही. नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होणार, न घेतलं तर ते आत्ताच संपणार. मग सगळ्या गावासमोर, सासऱ्यासमोर, पदर खोचून ती ओरडली, "डोमा!" पुढे 'जी' नाही की काही नाही. ती ओरडतच राहिली.

तो आला. छातीपर्यंत भिजलेला, काळाठिक्कर. आणि पहिलं काय बोलला? "भागरथाबाई, तू नसतीस तर मेलो असतो."

बायकोच्या तोंडून त्यानं आपलं नाव कधी ऐकलंच नव्हतं हो. आवाज ओळखणार कसा?

भागरथाबाई त्यानंतर कधी बोलली नाही. तिचा आवाज पार्वताबाईच्या गळ्यात उतरला, असं म्हणतात. मी नाही म्हणत. गळा पार्वताबाईचाच होता, सात वर्षं कोंडलेला. पण गावाला कोण सांगणार? नाव भागरथाबाईचं झालं.

खाण केव्हाच बंद पडली. तरी आजही गावात नवी सून आली की पहिल्या सकाळी तिला, भागरथाबाई जिथून हाक मारायची तिथं बांधलेल्या तिच्या नावाच्या ओट्यावर उभी करतात. तिथून तिनं नवऱ्याला नुसत्या नावानं हाक मारायची, आणि त्यानं 'ओ' दिली की सासूनं नारळ फोडायचा. पार्वताबाईची आठवण तिथं कुणाला होत नाही.

यंदा माझी सून उभी राहिली. आवाज तो केवढा, चिमणीएवढा. पण पहिल्याच हाकेला माझा पोरगा 'ओ' म्हणत घरातून धावत आला. ह्याच पोराला मी पंचवीस वर्षं उठवते आहे, चार हाकांशिवाय 'हूं' म्हणाला नाही कधी. बायका माझ्याकडे बघून हसल्या. मी नारळ फोडला. जरा जोरातच फुटला.