कौशीची पहिली दोरी

एका गावात एक मुलगी होती. तिला गावातल्या सगळ्या मुलींच्या उड्या पाठ होत्या, पण स्वतःची एकही उडी नव्हती. तिचे नाव कौशी.

रोज संध्याकाळी पारापुढच्या फरशीवर मुली दोरीवरच्या उड्या मारत. कौशी हौदाच्या काठावर बसून बघायची. कोण आधी टाच उचलते, उडी मारताना कोणाचा ओठ दातांखाली जातो, सारे तिला माहीत होते. सगळ्यांत सुरेख उड्या सगुणाच्या. सगुणा उंच होती आणि तिची दोरी इतकी बारीक, की फिरताना दिसायचीच नाही. पोरगी नुसती हवेत तरंगते आहे असे वाटे. घरी आल्यावर कौशी गोठ्यामागे जाई आणि रिकाम्या मुठी फिरवत, नसलेल्या दोरीवरून उड्या मारी.

त्या गावाची एक रीत होती. पहिली दोरी कोणी आयती घेत नसे. मुलीने बांधावरची अंबाडी स्वतः कापायची, ओढ्यात भिजत घालायची, तिचे धागे सोलून वाख काढायचा आणि तो दोर वळणाऱ्या द्वारकामावशीकडे न्यायचा. मावशी त्याची जाडसर दोरी वळी, मुलीला तिच्या मधोमध उभी करी आणि दोन्ही टोके काखेपर्यंत आली की तिथे गाठ मारी. नवशिक्या मुलीची ही दोरी जमिनीवर आपटली की धप्प वाजे.

कौशीने अंबाडी भिजवली, सोलली. तिचा कुबट वास कितीतरी दिवस हातांना येत राहिला. पण कौशीला तो आवडायचा. झोपताना ती तळवे नाकाशी धरायची.

वाख घेऊन ती मावशीच्या अंगणात गेली, तेव्हा तिथे काही मुली गजगे खेळत बसल्या होत्या.

"ये गं कौशे. उभी राहा इथे, माप घेऊ दे," मावशी म्हणाली.

कौशीने मुलींकडे पाहिले. जाड दोरी नेली तर पहिल्याच धप्पला सगळ्या वळून बघतील, असे तिच्या मनात आले.

"माप नको," ती हळूच म्हणाली. "सगुणाताईसारखी द्या. तेवढीच लांब, तेवढीच बारीक."

"अगं, ती ताडमाड पोरगी! तू तिच्या कोपराला लागतेस."

"तसलीच हवी."

"बघ बाई. दोरी तुझी, नडग्याही तुझ्याच," मावशी म्हणाली आणि तिने बारीक दोरी वळून दिली.

कौशी धावतच गोठ्यामागे गेली. पण ती हलकी दोरी हाताचे ऐकेना. वर जाऊन हवेतच रेंगाळे आणि खाली येताना पायात वेटोळे घाली. नाहीतर सटकन नडगीवर बसे. सगुणाच्या हातातली दोरीही अशीच होती, मग इथे काय झाले, ते कौशीला कळेना. नडग्यांवर वळ उठले. ती पुन्हा हौदाच्या काठावर बसू लागली. दोरी परकराच्या घडीत लपवलेली असे. आता तर तिला रिकाम्या मुठींच्या उड्याही मारवेनात.

शेवटी एका सकाळी ती मावशीच्या दारात उभी राहिली.

"काय गं, माप चुकलं?"

"माप घेतलंच नव्हतं," कौशी म्हणाली. तिने दोरी जमिनीवर पसरली आणि आपणहून तिच्या मधोमध जाऊन उभी राहिली. दोन्ही टोके तिच्या डोक्याच्याही वर गेली. "पण आता जाड दोरीला वाख कुठून आणू? बांधावरची अंबाडी तर संपली."

मावशीने खुंटीकडे बोट दाखवले. "बारीक दोरीला वाख लागतो केवढासा! उरलेला तुझाच आहे तो. तुझी वाटच बघतोय."

तिने बारीक दोरी उकलली, तिच्यात उरलेला वाख मिसळला आणि नवा पीळ घातला. काखेपाशी गाठ मारली.

त्या संध्याकाळी कौशी फरशीवर आली. धप्प! सगळ्या मुली वळल्या. कौशी थांबली. तिचे कान तापले.

"थांबलीस का गं?" सगुणाने विचारले.

"फार वाजते ही."

"मग वाजू दे की! आमच्या दोऱ्या मुक्या. जी ती आपल्याच तंद्रीत. तुझ्या धप्पवर सगळ्यांना मिळून उड्या मारता येतील."

"पण दमानं हं, सगुणे," कोणीतरी म्हणाले, "हिची बैलगाडी आहे!"

सगळ्या हसल्या, आणि कौशीलाही हसू फुटले. तिने दोरी फिरवली. धप्प... धप्प... ती अडखळली की सगळ्या थांबत, ती निघाली की सगळ्या निघत. सगुणाही तिच्याच चालीने हळूहळू उडत होती.

हौदाचा काठ त्या दिवशी पहिल्यांदा रिकामा होता.

याचे तात्पर्य असे: नवे काही शिकताना, ज्याच्यासारखे व्हावेसे वाटते त्याचे माप मागू नये. आपले पाय जिथे टेकले आहेत, तिथूनच आपले माप घ्यावे.