एका खड्ड्याचं निर्मळ गाव

एका रानात नदी वाहत होती आणि तिच्या काठी प्राण्यांचं गाव होतं. गावाचा सरपंच रेडा होता आणि ग्रामसेवक कोल्हा.

एकदा राजधानीतून फर्मान आलं : प्रत्येक घरामागे शोषखड्डा हवा. शोषखड्डा म्हणजे घरातलं सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा. दगड, विटांचे तुकडे, वाळू टाकली की झाला. इतकं सोपं काम होतं, म्हणून ते कोणी केलं नाही.

साळींदराने एकच खड्डा खणला, तोही रेड्याच्या दारात. मग सगळं गाव तिथे रांगेत उभं राहिलं. एकेकाने खड्ड्याशेजारी हसायचं, माकडाने फोटो काढायचा. गाव ‘निर्मळ’ जाहीर झालं. घराघराची मोरी आणि संडास मात्र पूर्वीसारखे नदीतच सुटत राहिले.

हौसा पाणमांजरीचं पिल्लू जुलाबांनी अंथरुणाला खिळलं. ती ग्रामसभेत उभी राहिली.

“आबा, नदीत घाण आहे. माझं लेकरू हातचं जाईल.”

रेडा गहिवरला. “नदी आपली आई आहे, हौसाबाई. आईला घाण म्हणतेस?”

“घाण आपण सोडतो, आबा.”

“आईच्या पदराला लेकरं हात पुसतातच की!”

सभेने टाळ्या वाजवल्या. कोल्ह्याने फाईल उघडली. “मावशी, हा तुमचाच फोटो ना? खड्ड्याशेजारी?”

“तुम्हीच उभं केलंत. हसा म्हणालात.”

“मग हसलात ना? लाभार्थी समाधानी, असं लिहिलंय.”

तरीही तक्रार राजधानीत पोचली आणि पाणी तपासायला बगळा आला. कोल्हा त्याला गावाच्या वर, डोंगरातल्या झऱ्यापाशी घेऊन गेला. “साहेब, नदी इथून सुरू होते. म्हणजे खरी नदी हीच. खाली आहे तो नुसता विस्तार.”

बगळ्याने बाटली भरली. पाणी उत्तम निघालं.

ते पुढेही उत्तमच निघावं म्हणून झऱ्याला काटेरी कुंपण घालून पहारा बसवण्यात आला. हौसा मडकं घेऊन गेली, तर पहाऱ्यावरच्या कुत्र्याने तिला अडवलं.

“एक मडकं दे रे दादा. पोर तापलंय.”

“मावशी, हे तपासणीचं पाणी आहे. प्यायचं पाणी खाली.”

ती खाली गेली. तिसऱ्या दिवशी पिल्लू गेलं.

शोकसभा मोठी झाली. दोन मिनिटं सगळे शांत उभे राहिले. नाकं दाबून, कारण सभा नदीकाठी होती. रेड्याने ठराव मांडला की नदीला त्या पिल्लाचं नाव द्यावं. ठराव एकमताने मंजूर झाला. हौसा म्हणाली, “नाव राहू दे आबा, मोऱ्या बंद करा.” हा विषय पत्रिकेवर नव्हता.

नावाची पाटी नदीच्या पात्रात रोवायचं ठरलं, पण त्या पाण्यात उतरायला एकही सदस्य तयार होईना. शेवटी ती रस्त्याकडेला उभी केली. पाटीवर रेड्याचा हात जोडलेला फोटो आहे. पिल्लाचं नाव त्याखाली, जागा उरली तेवढ्यात बसवलं आहे.